महाकाय गोब्रा

महाकाय गोब्रा (शास्त्रीय नाव : एपिनेफेलस लॅन्सिओलेटस) हा प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या अस्थिमत्स्यांतला (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांतला) सर्वांत मोठा मासा मानला जातो. त्याची लांबी सुमारे २.७ मीटर आणि वजन ४०० किलोग्रॅमपर्यंत भरल्याच्या नोंदी आहेत. कोकणात या गटातल्या माशांना गोब्रा किंवा हेकरू म्हणतात, गोव्यात गोबरो. बाजारात येणारा गोब्रा मात्र बहुतेक वेळा याच्या लहान भाऊबंदांपैकी असतो आणि तो फरक ओळखता येणे किती गरजेचे आहे, ते पुढे येईलच.

जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लोख याने १७९० मध्ये या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तांबडा समुद्र व दक्षिण आफ्रिकेपासून पूर्वेला हवाई बेटांपर्यंत, उत्तरेला दक्षिण जपान आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलिया एवढा याचा पसारा आहे. भारतीय समुद्रातही तो आहे. खडकांतल्या कपारी, गुहा, बुडालेली जहाजे ही त्याची ठरलेली ठिकाणे. क्वचित तो बंदरात किंवा खाडीच्या तोंडाशीही शिरतो.

वयानुसार याचे रूप इतके बदलते की पिल्लू आणि पूर्ण वाढलेला मासा शेजारी ठेवले तर दोघे एकाच जातीचे आहेत हे चटकन पटत नाही. पिल्लू पिवळे असते आणि त्यावर रुंद, वेडेवाकडे काळे पट्टे असतात. वाढताना पिवळ्यात काळे आणि काळ्यात फिके ठिपके मिसळत जातात, आणि मोठा मासा राखाडी-तपकिरी, डागाळलेला होतो. परांवर मात्र बारीक काळे ठिपके उठून दिसतात. पृष्ठपरात (पाठीवरच्या परात) ११ काटे व १४ ते १६ मऊ किरण, गुदपरात (पोटाखाली, शेपटीकडच्या परात) ३ काटे व ८ किरण असतात. शेपटीची कड गोल असते. डोके अवाढव्य, डोळे त्यामानाने अगदीच बारके. मोठ्या माशाच्या जबड्यात सुळे नसतात, बारीक दातांच्या अनेक ओळी असतात. पक्की खूण हवी असेल तर पार्श्वरेखा, म्हणजे अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीकडे जाणारी रेघ, बघावी : तिच्या खवल्यांतल्या नलिकांना फांद्या फुटलेल्या असतात.

गफलत होते ती प्रामुख्याने तीन जातींशी. मलबारी गोब्रा आकाराने बराच वाढतो, पण त्याच्या अंगावर तिरपे गडद पट्टे आणि लहान काळपट ठिपके असतात. नारिंगी ठिपक्यांच्या गोब्र्याचे नावच त्याची ओळख सांगते. बटाटा गोब्र्याच्या अंगावर मोठे, सुटे गडद डाग असतात. अटलांटिकमधला गोलायथ गोब्रा दिसायला याचाच भाऊ वाटतो, पण तो या समुद्रात नसतोच. तरी त्याची छायाचित्रे आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास याच्या नावाने छापली जातात.

शिकारीसाठी हा फारसा धावत नाही. दबा धरतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की प्रचंड तोंड एकदम उघडतो. पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आत खेचले जाते आणि सबंध गिळले जाते. शेवंड हे आवडते खाद्य. शिवाय खेकडे, मासे, लहान मुशी व पाकट, प्रसंगी समुद्री कासवाची पिल्लेही त्याच्या पोटात सापडली आहेत. अंडी पाण्यात तरंगतात. गोब्र्यांच्या डिंभांच्या (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या) पाठीवर आणि पोटाकडे वाढत्या वयात आखूड होत जाणारे लांबलचक काटे असतात. या कुळातल्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो व पुढे नर बनतो.

भारतात ही जात २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली, म्हणजे तिला पकडण्यास मनाई झाली. बाकीचे गोब्रे मात्र राजरोस पकडले व विकले जातात. म्हणजे गळाला लागलेला मासा कुठल्या जातीचा, हे नावेवरच्या माणसालाच तिथल्या तिथे ओळखावे लागते, आणि पाच-सात किलोचे पिल्लू असेल तर ते सोपे नाही. त्यासाठी पिवळ्या अंगावरचे काळे पट्टे आणि ठिपकेदार पर या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी बरेच काम भागते.

दुसरीकडे तैवानमध्ये याचे संगोपन मोठ्या प्रमाणावर होते, कारण हा मासा झपाट्याने वाढतो. मलेशियात वाघ्या गोब्र्याची मादी आणि याचा नर यांचा संकरही तयार करण्यात आला असून, आग्नेय आशियातल्या मत्स्यशेतीत आज तो सर्वत्र दिसतो.