भटनागर आणि इन्फोसिस: एकाच संशोधनाला लावलेली दोन मापं

विदिता वैद्य यांना २०१५ साली भटनागर पुरस्कार मिळाला, तो वैद्यकशास्त्रासाठी. २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला, तो जीवविज्ञानासाठी. संशोधक त्याच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली (टीआयएफआर) प्रयोगशाळा तीच, विषयही तोच: लहानपणीचा ताण मेंदूत काय बदल करून जातो आणि त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा हात किती. मग एकदा वैद्यक आणि एकदा जीवविज्ञान असं का?

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणीतरी कात्रण आणून दाखवतं आणि विचारतं, ‘मॅडम, भारताचं नोबेल म्हणजे नक्की कुठलं?’ कारण वर्तमानपत्रं हे बिरुद दोन्हींना लावतात. मुलांना वाटतं, एकाच पुरस्काराची दोन नावं असतील किंवा एक धाकटा, एक थोरला असेल. तसं नाही. दोन्ही पुरस्कार बघतात त्याच माणसांकडे, पण त्यांना विचारतात ते प्रश्न निराळे.

भटनागर पुरस्कार सरकारी. शांतिस्वरूप भटनागर हे रसायनशास्त्रज्ञ, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे पहिले संचालक. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच परिषदेची. १९५५ च्या पहिल्याच दिवशी ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९५८ पासून परिषद हा पुरस्कार देऊ लागली. विषय सात, आणि त्यांत जीवशास्त्राचा कप्पा वेगळा, वैद्यकाचा वेगळा. प्रत्येक विषयात वर्षाला जास्तीत जास्त दोघं. वयाची अट पंचेचाळीस. सगळ्यात महत्त्वाची अट मात्र कामाची: पुरस्काराच्या वर्षाआधीच्या पाच वर्षांत, मुख्यतः भारतात केलेलं काम.

ही शेवटची अट वाचताना साधी वाटते. तिचं वजन कळायला रूप मलिक यांचं उदाहरण घेऊ.

आपल्या प्रत्येक पेशीत मालवाहतूक चालते. मायक्रोट्यूब्युल नावाचे रूळ असतात आणि त्यांवर मोटर प्रथिनं अक्षरशः पावलं टाकत चालतात. कायनेसिन सहसा माल पेशीच्या कडेकडे नेतं, डायनीन आत केंद्राकडे आणतं. मलिक मुळात भौतिकशास्त्रज्ञ, पीएचडी त्यांनी टीआयएफआरमध्येच भौतिकीत केली. पुढे अमेरिकेत असताना, २००४ साली, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डायनीन ओझं बघून पावलाची लांबी बदलतं. ओझं वाढलं की पाऊल छोटं पडतं. चढावर आपण गाडीचा गिअर उतरवतो, तसंच. हा शोध गाजला. पण भटनागरच्या हिशेबात तो बसत नव्हता, कारण काम परदेशातलं आणि काळही पाच वर्षांच्या पलीकडचा.

मग मोजलं गेलं ते मुंबईत परतल्यावरचं काम. एकटं डायनीन तसं अशक्त. कायनेसिनशी एकास एक झुंज लागली तर हरणारं. तरीही पेशीने गिळलेला जंतू, म्हणजे मायक्रोट्यूब्युलच्या मानाने भलंथोरलं धूड, आत ओढून नेण्याचं काम डायनीनच करतं. कसं? मलिक यांच्या गटाने लेझरच्या किरणाचा चिमटा करून असा माल पेशीच्या आत चालता-चालता धरला आणि त्याला ओढणारा जोर मोजला. दिसलं ते असं: ओझं आलं की पुढची डायनीनं आपला वेग कमी करतात, मागची त्यांना येऊन मिळतात आणि भार वाटून घेतात. चिखलात रुतलेली गाडी काढताना पुढचा बैल जरा थांबतो, मागचा जोडीला येतो आणि मग दोघं मिळून जोर लावतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०१४ ला भटनागर मिळाला, जीवशास्त्रात. भौतिकीत पीएचडी केलेल्या माणसाला जीवशास्त्राचा पुरस्कार मिळाला, याचा मला आजही आनंद वाटतो. विषयांच्या भिंती आपण वेळापत्रकासाठी बांधतो, पेशीला त्यांचं काही देणंघेणं नसतं.

आता हेच मलिक २०१८ च्या इन्फोसिस पुरस्कारात बघा. इन्फोसिस सायन्स फाउंडेशन २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झालं. पैसा खाजगी, विषय सहा, आणि प्रत्येक विषयात सहसा एकच विजेता. निवड समितीत परदेशी विद्यापीठांतले नामवंत बसतात. जीवविज्ञानाच्या समितीचं अध्यक्षपद अमेरिकेतल्या एमआयटीचे मेंदूशास्त्रज्ञ मृगांक सूर यांनी सांभाळलं आहे. इथे गेली पाच वर्षं असा हिशेब नाही. संशोधकाने एकंदरीत काय उभं केलं, ते बघतात. म्हणून २०१८ च्या मानपत्रात जंतूंच्या वाहतुकीबरोबर यकृतही आलं. आपण जेवतो तेव्हा यकृतातल्या चरबीच्या थेंबांना कायनेसिन ओढत नेतं आणि ती चरबी रक्तात सोडण्याची तयारी होते. उपास केला की साठलेली चरबी शरीरातून यकृताकडे वाहू लागते. अशा वेळी यकृताने ती सगळी लगेच पुढे सोडली तर रक्तात चरबीचा पूर येईल. म्हणून उपाशीपोटी कायनेसिन त्या थेंबांवरून कमी होतं आणि वाहतूक मंदावते. एकादशीच्या दिवशी आपल्या यकृतात हेच चाललेलं असतं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

तर भटनागर एका ठरावीक काळातलं, या मातीत झालेलं काम जोखायचं आणि इन्फोसिस सगळा पल्ला बघतं. वैद्य यांच्या बाबतीतला वैद्यक-जीवविज्ञान गोंधळही इथेच सुटतो. इन्फोसिसकडे वैद्यकाचा वेगळा कप्पाच नाही. वेल्लोरला रोटाव्हायरसवर, म्हणजे लहान मुलांना जुलाब करणाऱ्या विषाणूवर, आयुष्य घालवलेल्या डॉक्टर गगनदीप कांग (२०१६) आणि गवताळ प्रदेशांचा अभ्यास करणारे परिसंस्थाशास्त्रज्ञ महेश शंकरन (२०२१) एकाच यादीत दिसतात ते त्यामुळेच. भटनागरमध्ये दोन कप्पे मिळून वर्षाला चौघांना जागा होऊ शकत होती, इन्फोसिसमध्ये पेशीपासून जंगलापर्यंत सगळ्यांना मिळून एक. परिसंस्थेचं शास्त्र भटनागरला परकं होतं असं मात्र नाही. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ यांना १९८६ साली जीवशास्त्रातच तो मिळाला होता. आणि १९६१ च्या यादीत एम. एस. स्वामिनाथन आहेत, हरितक्रांतीच्या कितीतरी आधी.

पैशाचं सांगायचं तर भटनागरचे पाच लाख रुपये आणि इन्फोसिसचे एक लाख डॉलर किंवा तेवढे रुपये, शिवाय सुवर्णपदक. एवढंच वाचून लोक भटनागरला किरकोळ ठरवतात. पण भटनागरबरोबर वयाच्या पासष्टीपर्यंत महिन्याला पंधरा हजार रुपये मानधन असायचं. चाळिशीत मिळाला तर पंचवीस वर्षांत पंचेचाळीस लाख होतात. एकरकमी सन्मान आणि दर महिन्याला पोचणारा सन्मान, दोन्ही आपापल्या जागी मोलाचे.

आता या सगळ्यात एक नवा गुंता आला आहे, आणि सध्याच्या बातम्या वाचताना तो डोक्यात ठेवायला हवा. जुन्या रूपातला भटनागर शेवटचा दिला गेला तो २०२२ या वर्षासाठी, जाहीर झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. त्यानंतर केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले: विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम. भटनागरांचं नाव विज्ञान युवाला जोडलं गेलं. त्याचं पूर्ण नाव ‘विज्ञान युवा–शांतिस्वरूप भटनागर’. वयाची मर्यादा पंचेचाळीसच राहिली, विषय मात्र सातांचे तेरा झाले, शेती आणि पर्यावरण वेगळे निघाले. हातात मिळतं ते पदक आणि सन्मानपत्र. पहिले पुरस्कार ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात दिले गेले. त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या प्रज्ञा यादव होत्या, वैद्यकासाठी. तेव्हा कुणाच्या नावापुढे नुसतं ‘भटनागर’ लिहिलेलं दिसलं तर आधी साल बघावं. २०२२ पर्यंतचं असेल तर सीएसआयआरचा जुना पुरस्कार, २०२४ पासूनचं असेल तर हा नवा.

त्याच २०२४ मध्ये इन्फोसिसनेही नियम बदलला. आधी तिथे वयाची मर्यादा पन्नास होती, ती चाळीसवर आली. गुणवत्ता लवकर ओळखावी आणि तरुणांच्या पाठीशी वेळेत उभं राहावं, हा त्यामागचा विचार. आतापर्यंतचा रिवाज आधी भटनागर, मग इन्फोसिस असा होता. पेशीशास्त्रज्ञ सत्यजित मेयर २००३ आणि २०१२, मेंदूशास्त्रज्ञ शुभा टोळे २०१० आणि २०१४, मलिक २०१४ आणि २०१८, वैद्य २०१५ आणि २०२२. आता हा क्रम उलटायला जागा झाली आहे. आधी चाळिशीच्या आत इन्फोसिस, मग पंचेचाळिशीच्या आत विज्ञान युवा.

लवकर दाद देण्याचा हेतू मला पटतो, पण जीवशास्त्रासाठी चाळीस हे वय मला कमी वाटतं. कारण पुन्हा वैद्य यांच्याच प्रयोगशाळेत सापडतं. तिथे उंदरांची पिल्लं जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवली गेली. दोन महिन्यांची झाल्यावर तपासलं, तर स्मरणाच्या काही चाचण्यांत ही पिल्लं इतरांपेक्षा सरस निघाली. प्रयोग तिथेच थांबवला असता तर ‘लहानपणीचा ताण फायद्याचा’ असा निष्कर्ष घेऊन सगळे घरी गेले असते. पण त्यांनी वाट पाहिली. तीच उंदरं पंधरा महिन्यांची झाली, म्हणजे त्यांच्या आयुष्याची मध्यान्ह, तेव्हा चित्र उलटं होतं. स्मरण घसरलं होतं, नव्या मेंदूपेशी तयार होणंही घटलं होतं. प्रश्न एक, आणि उत्तराला सव्वा वर्षाहून जास्त वेळ. तेही सगळं पहिल्याच फेरीत नीट झालं तर.

पीएचडी, मग परदेशातली काही वर्षं, मग परत येऊन रिकाम्या खोलीत प्रयोगशाळा उभी करणं. यात तिशीची पहिली चार-पाच वर्षं सहज निघून जातात. उरलेल्या वेळात पंधरा महिने थांबण्याचं धाडस कोण करेल? गणितात चाळिशी पुरत असेल, म्हाताऱ्या उंदरांची वाट बघणाऱ्याला ती पुरत नाही.

तरीही नव्या अटीतून निवडलेलं पहिलंच नाव भरीव निघालं, हे सांगायलाच हवं. २०२४ चा जीवविज्ञानाचा इन्फोसिस पुरस्कार पुण्याला, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेच्या सिद्धेश कामत यांना मिळाला. शरीरातले काही मेद पदार्थ नुसती साठवण नसतात, ते पेशींमध्ये निरोप पोचवतात. हे निरोप कोण घेतं आणि ते बिघडले की आजार कसे होतात, हे त्यांच्या गटाने उलगडलं आहे. यंदा माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी आयसरची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलंय. कामतांच्या बातमीचं कात्रण त्यांनी वर्गाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, आणि त्यावर निळ्या पेनाने लिहिलंय: ‘हा इन्फोसिस. भटनागर नाही.’