बेरा: कानाची तपासणी मेंदूच्या दाबापर्यंत कशी पोहोचली

हापूसच्या मोसमात आंबे उतरवताना कलमावरून पडून डोक्याला मार बसलेला गडी सिंधुदुर्गातून थेट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. अशा एखाद्या रुग्णाच्या कागदांवर ‘बेरा’ दिसलं की घरची माणसं गोंधळतात. बाळाला ऐकू येतं का ते बघायची ही तपासणी ना? मग बेशुद्ध माणसाला कशाला?

कवटी ताणत नाही. आत रक्त साकळलं, सूज आली की दाब वाढतो आणि वर येणाऱ्या रक्ताला अडवतो. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की उरतो तो मेंदूला रक्त पुरवणारा दाब. ९० मधून १० गेले तर ८०; कवटीतला दाब ४० झाला की उरतात फक्त ५०. कवटीतला दाब वाढला की शरीर रक्तदाब चढवून झुंजतं, हे हार्वे कुशिंग यांनी १९०१ च्या सुमारास प्रयोगांत पाहिलं. हा दाब सतत मोजत राहण्याची पद्धत स्वीडनच्या लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये मांडली. पण त्यासाठी कवटीला छिद्र पाडावं लागतं.

कानाची वाट वेगळी. १९७०-७१ मध्ये ज्युएट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कानात ‘टक’ वाजवून डोक्यावरून विद्युत-नोंद घेतली, तर पहिल्या १० मिलिसेकंदांत एकामागून एक तरंग उमटतात. हीच ‘बेरा’. पहिला श्रवण-मज्जातंतूचा, पाचवा मेंदूच्या देठात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग, ब्रेनस्टेम) बराच वरचा. झोप असो वा गुंगी, ते फारसे ढळत नाहीत. म्हणूनच ही तपासणी तान्ह्या बाळांना लागू पडली, आणि बेशुद्धांनाही.

मेंदूला रक्त पुरवणारा दाब घसरला की या तरंगांचं काय होतं? जेरुसलेममध्ये सोहमर यांच्या गटाने १९८० च्या दशकात मांजरांवर तपासलं. देठ चिवट निघाला. रक्तपुरवठ्याचा दाब फार खाली जाईपर्यंत तरंग टिकून राहिले. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: तरंग नीट आहेत म्हणून दाबाची काळजी मिटली, असं घरच्यांना सांगता येत नाही. इशारा उशिरा मिळतो.

दुसऱ्या टोकाला, मेंदूमृत्यूत सगळे तरंग जातात किंवा फार तर पहिला उरतो, हे स्टार यांनी १९७६ मध्येच नोंदवलं होतं. पण आतल्या कानाला रक्त देणारी बारीक धमनीही देठाला पोसणाऱ्या धमन्यांतूनच फुटते. शिवाय झाडावरून पडलेल्याचं कानाजवळचं हाड मोडलेलं असू शकतं. म्हणजे नुसता कान बिघडल्यानेही तरंग जाऊ शकतात. त्यामुळे आलेख सपाट आला, तर आधी कानच तपासावा लागतो.