पुण्यातली ४० टक्के मिळकतकर सवलत: पीटी-३ अर्ज कुठे अडतो आणि घर भाड्याने दिलं असेल तर काय

पुणे महापालिकेच्या हद्दीत ज्या घरात मालक स्वतः राहतो, त्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. नियम इतका सरळ असूनही स्वतःच्याच घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचे अर्ज परत येतात. दुसरीकडे घर भाड्याने देणारे काहीजण सवलत टिकावी म्हणून भाडेकरार नोंदवायचंच टाळतात, आणि त्याचा त्रास भाडेकरूला होतो. सोसायटीच्या कामात दोन्ही प्रकारचे लोक भेटत राहतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय अर्ज कोणी करायचा हे कळत नाही. ही सवलत १९७० साली महापालिकेच्या ठरावाने सुरू झाली. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाले आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठराव रद्द केला. मधल्या काळात शहरातल्या मिळकतींचं जीआयएस (संगणकीय नकाशावर आधारित) सर्वेक्षण झालं आणि त्यात मोठ्या संख्येने घरांची सवलत काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. देखभाल-दुरुस्तीपोटी पुण्यात १५ टक्के वजावट मिळत असे, ती मात्र कायद्याप्रमाणे १० टक्क्यांवर आली. सवलत परत आली, पण सगळ्यांच्या बिलावर आपोआप नाही. ज्यांची गेली होती किंवा ज्यांना कधी लागलीच नव्हती, त्यांनी आपण तिथे राहतो हे सिद्ध करायचं. त्यासाठीचा अर्ज म्हणजे पीटी-३.

सवलत गेल्याने काय फरक पडतो, याचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. ४० टक्के सवलत गेली म्हणजे बिल ४० टक्क्यांनी वाढलं, असं धरून चालतात. समजा सवलत धरून तुमचं बिल ६,००० रुपये येतं. सवलत काढली की तेच बिल १०,००० च्या घरात जातं, म्हणजे वाढ सुमारे ६७ टक्के. एका पेन्शनवर घर चालवणाऱ्याला हा फरक सोसत नाही. घर भाड्याने देणाऱ्यानेही भाडं ठरवताना १०,००० चाच आकडा धरायला हवा.

अर्ज कोणी करायचा? तुमच्या बिलात सवलत आधीपासून लागू असेल, तर काहीही करायचं नाही. उगीच अर्ज टाकून चौकशी मागे लावून घेऊ नका. १ एप्रिल २०१९ नंतर ज्या घराची पहिल्यांदा आकारणी झाली, म्हणजे बहुतेक नवे फ्लॅट, त्यांनी अर्ज करायचा. सर्वेक्षणानंतर ज्यांची सवलत काढली गेली त्यांनीही करायचा. पिंपरी-चिंचवड आणि कॅन्टोन्मेंट भागाला यातलं काही लागू नाही, तिथले नियम वेगळे आहेत. महापालिकेत नंतर आलेल्या गावांत राहत असाल तर आधी बिल महापालिकेकडून येतं की दुसऱ्या संस्थेकडून ते पाहा. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आता महापालिकेत नाहीत.

अर्ज महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावर मिळतो. तो भरायचा, पुरावे जोडायचे, २५ रुपये शुल्क द्यायचं आणि आपल्या भागाच्या पेठ निरीक्षकाकडे (मिळकतकर खात्याचा त्या भागाचा कर्मचारी), क्षेत्रीय कार्यालयात किंवा संपर्क कार्यालयात जमा करायचा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं समजून चाला, कारण पुढे विचारणा करताना तुमच्या हातात दुसरं काही नसतं.

खरा घोळ पुराव्यांचा. मालक स्वतः राहतो असं सोसायटीचं पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशन कार्ड अशा पुराव्यांच्या प्रती मागितल्या जातात. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडायची असते. यादी वाचायला सोपी वाटते. आता एकेक कागद हातात घेऊन पाहा.

सोसायटीचं पत्र. नव्या इमारतीत सोसायटी अजून स्थापनच झालेली नसते. बिल्डर वर्षानुवर्षं टोलवत राहतो. पेठेतल्या वाड्याला, गुंठेवारीतल्या घराला, स्वतंत्र बंगल्याला सोसायटी नसतेच. नेमकी हीच माणसं पहिल्याच खिडकीवर अडतात, कारण समोरच्या माणसाला यादीतला पहिला कागद हवा असतो. तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर असोसिएशनचं पत्र घ्या. काहीच नसेल तर पत्र का नाही हे अर्जासोबत एका साध्या कागदावर लिहा आणि यादीतले उरलेले पुरावे एकाऐवजी दोन-तीन जोडा. कारण तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये राहत नाही.

सोसायटी आहे, पण सचिव पत्र देत नाहीत, हा दुसरा प्रकार. कधी मेंटेनन्सची थकबाकी असते, कधी जुनं भांडण. सचिव मंडळींना मनापासून विनंती आहे की राहण्याचा दाखला आणि थकबाकी यांची सांगड घालू नका. थकबाकी वसूल करायला कायद्यात वेगळी वाट आहे. पत्र देताना सोसायटीचा नोंदणी क्रमांक, फ्लॅट क्रमांक, बिलावर आहे तसंच मालकाचं नाव आणि ते कधीपासून तिथे राहतात हे लिहा. "सदर सदस्य आमच्या सोसायटीचे सभासद आहेत" एवढ्याच पत्राचा उपयोग होत नाही. सभासद तर घर भाड्याने देणाराही असतो.

मतदार ओळखपत्र आणि वाहन परवाना. लोक कोथरूडहून बाणेरला राहायला येतात आणि ओळखपत्रावर कोथरूडचाच पत्ता राहतो. तो पुरावा अर्जदाराच्या विरोधातच जातो. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरावा लागतो. तो आधी भरा. गॅस कार्ड म्हणावं तर नव्या इमारतींत पाइपचा गॅस. ते जुनं निळं-पिवळं पुस्तक कुणाकडे असतं? पाइप गॅसचं मालकाच्या नावाचं बिल जोडा. वीजबिलावर मात्र विसंबू नका. घर भाड्याने दिलं तरी महावितरणचं बिल मालकाच्याच नावाने येत राहतं, त्यामुळे आत कोण राहतं हे त्यावरून ठरत नाही.

याहून वाईट अडचण नावाची. करखात्याच्या दप्तरात अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असेल, तर तुमचा एकही पुरावा बिलाशी जुळणार नाही. घर विकत घेतल्यावर तीन महिन्यांत आणि मालक वारल्यास एक वर्षात महापालिकेला कळवून नाव बदलून घ्यावं, असं कायदाच सांगतो. इंडेक्स २, म्हणजे खरेदीखत नोंदल्याचा उतारा, घरात असला की लोक निश्चिंत होतात. पण इंडेक्स २ निघतो नोंदणी खात्यातून, आणि करखात्याला तो तुम्ही दिल्याशिवाय दिसत नाही. पतीच्या निधनानंतर त्याच घरात राहणाऱ्या बायकांना हे फार सोसावं लागतं. चाळीस वर्षं ज्या घरात काढली, तिथे आपण राहतो हे पटवायला त्यांना आधी नाव हस्तांतराची फाइल करावी लागते. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागणारच आहेत, तर ती दुखवटा संपला की लगेच काढून ठेवावीत. अशा अर्जदारांसाठी नाव हस्तांतर आणि पीटी-३ एकाच टेबलावर का होत नाही, हे प्रशासनाने खरंच एकदा सांगावं.

मुलगा परदेशात, फ्लॅट त्याच्या नावावर आणि राहतात आईवडील, ही पुण्यात घरोघरची गोष्ट आहे. इथे पुरावे आईवडिलांच्या नावाचे आणि बिल मुलाच्या नावाचं असतं. सोसायटीच्या पत्रात नातं आणि भाडं घेतलं जात नाही ही गोष्ट स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर तपासणीला आलेला माणूस सरळ "मालक राहत नाही" असं लिहून निघून जातो.

आता मुदतीबद्दल. २०२३ मध्ये पीटी-३ साठी आधी १५ नोव्हेंबर ही तारीख दिली होती. अनेकांनी ती बिल भरायची तारीख समजून सोडून दिली, तर काहींनी बिल भरलं म्हणजे अर्जही झाला असं धरलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. बिल वेळेत भरल्यावर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते, ती वेगळी आणि ही ४० टक्के वेगळी. आणि अर्ज प्रलंबित आहे म्हणून बिल थांबवू नका. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. अर्ज मंजूर झाल्यावर ती कुणी हात जोडले म्हणून जात नाही. जादा भरलेली रक्कम रोख परत मिळत नसली तरी बुडत नाही. सवलत परत सुरू करताना ती पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करण्याचंच ठरलं होतं.

घर भाड्याने देणाऱ्यांसाठी आता थोडं कडक बोलतो. शहरात दोन फ्लॅट असतील तर सवलत राहत्या एकालाच आहे. दुसरा भाड्याने दिला की त्याचा पूर्ण कर भरायचा. हा खर्च वाचवायला भाडेकरार न नोंदवता घर देणं म्हणजे चार हजार रुपयांसाठी स्वतःचं घर धोक्यात घालणं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदलेला असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की वाद झाल्यास अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. नोंदणीचा खर्च तरी किती? एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेवरच्या मानीव (मिळेल असं धरलेल्या) व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात एक हजार रुपये नोंदणी फी.

मालकाला कायदेशीर दिलासाही आहे, तो बरेचजण घेतच नाहीत. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर काढताना मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर आधी वजा होतो, आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. अट एवढीच की कर मालकानेच भरलेला हवा. "कर भाडेकरूने भरायचा" असं करारात लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. भाडेकरूने भरला तर ही वजावट तुम्हाला मिळत नाही. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि ते मोजताना मिळकतकर धरायचा नसतो. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशात हे आहे. कमिटी जास्त मागत असेल तर तो आदेश समोर ठेवा.

भाडेकरूंनो, मालक करार नोंदवायला तयार नसेल तर कारण विचारा आणि शक्य असेल तर ते घर सोडून दुसरं बघा. नोंदलेल्या कराराशिवाय गॅस, बँक, पत्त्याचा पुरावा, ऑफिसातली घरभाड्याची वजावट, सगळीकडे अडतं. सवलत गेली म्हणून कराराच्या मध्येच भाडं वाढवून मागितलं तर ते देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. मुदतीपर्यंत करारात लिहिलेलं भाडंच लागू. मालकाने कर थकवला आणि वसुलीची नोटीस तुमच्या दारावर लागली तर घाबरू नका. मालकाकडून वसूल न झालेला कर महापालिका राहणाऱ्याकडून मागू शकते, पण तुम्ही भरलेली रक्कम भाड्यातून वळती करून घेता येते. पावती जपून ठेवा आणि वळती करण्याआधी मालकाला लेखी कळवा. आणि मालकाने "कुणी विचारलं तर आम्ही त्यांचे नातेवाईक आहोत म्हणा" असं सांगितलं, तर स्पष्ट नकार द्या. तपासणीच्या वेळी खोटं बोलल्याचा ठपका दारात उभ्या असलेल्या माणसावर येतो.

भाडेकरू गेला आणि तुम्ही स्वतः राहायला आलात, तर नव्याने पीटी-३ करायचा. तेव्हा जुन्या कराराची मुदत संपल्याचा कागद सोबत ठेवा. मंजुरीचं पत्र हाती आलं तरी काम संपलं असं समजू नका. पुढच्या एप्रिलचं बिल उघडून करपात्र रक्कम खरंच कमी झाली का ते तपासा. झाली नसेल तर पोच आणि मंजुरीची प्रत जोडून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि तिचीही पोच घ्या.