मातीचा लेप कुठपर्यंत पोचतो?

आषाढात आमच्या मोती कुत्र्याच्या कानामागे रुपयाएवढा लालसर, ओलसर चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळहाताएवढा झालेला. रात्रभर खाजवून त्याने तिथले केस काढले होते आणि लस गळत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलतानी माती लाव, सुकून जाईल." काकूंचं म्हणणं निराधार नव्हतं. माती ओल सुकवते हे खरंच, आणि कशी सुकवते ते समजून घेण्यासारखं आहे.

मुलतानी मातीत किंवा बेंटोनाइट नावाच्या तशाच मातीत बहुतेक वेळा मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याची रचना वहीच्या पानांसारखी. एकेक पान जेमतेम १ नॅनोमीटर जाड, दोन्ही बाजूंना सिलिकाची चादर आणि मध्ये ॲल्युमिनाची. या मधल्या चादरीत काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसतं, त्यामुळे पानावर ऋण भार उरतो. त्याची भरपाई करायला सोडियम-कॅल्शियमचे धन आयन पानांच्या फटीत शिरतात आणि सोबत पाणी ओढून आणतात. माती फुगते ती अशी. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधली सगळी पानं सुटी करून अंथरली, तर ती जवळपास तीन टेनिस कोर्ट व्यापतील! पाणी आणि तेल धरून ठेवायला एवढी जागा चिमूटभर मातीत असते. लोकरीतला चिकट मेद काढायला युरोपातले विणकर शतकानुशतकं अशीच माती वापरत. अमेरिकेत १९४७ साली एड लोव यांनी मांजरांच्या शौचपेटीसाठी राख-वाळूऐवजी अशीच शोषक माती वापरायला दिली, आणि आज शहरांतल्या फ्लॅटमध्ये मांजर पाळणं त्यामुळे सोपं झालं आहे.

जनावरांना मातीचा उपयोग आपल्याआधी ठाऊक होता. म्हैस चिखलात लोळते, कोंबडी धुळीत अंग घुसळून पिसांवरचं जादा तेल काढते. आफ्रिकी हत्तीच्या कातडीवर बारीक भेगांचं जाळं असतं. सपाट कातडीपेक्षा त्यात ५ ते १० पट पाणी टिकतं, असं २०१८ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. चिखलाने या जनावरांचं अंग गार राहतं, ऊन आणि माश्या दूर राहतात. त्यांची खरूज मात्र चिखलाने बरी होत नाही.

कारण खरजेचा किडा कातडीत बोगदे करून राहतो. डेमोडेक्स हा दुसरा किडा केसाच्या मुळाशी दडतो. गजकर्णाची बुरशी केसाच्या आतही वाढते आणि घरातल्या लहान मुलांनाही लागते. लेप वर, रोग आत. दिवस मात्र वाया जातात. गोचीड तर चामडीत तोंड रुतवून बसलेली असते, आणि तिच्यामुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

माती जंतूही मारते असं म्हणतात, ही गोष्ट मग कुठून आली? आयव्हरी कोस्टमध्ये बुरुली अल्सर या कातडी कुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाच्या भयंकर जखमांवर फ्रान्समधल्या हिरव्या मातीचे लेप लावले गेले आणि काही जखमा भरून आल्या. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन माती तपासल्या. खनिजं जवळपास सारखीच, तरी एकीने जिवाणू मारले, दुसरीने नाही. पुढे अमेरिकेतल्याच ऑरेगनमधल्या निळ्या मातीवर काम झालं तेव्हा उलगडा झाला: त्या मातीतून पाण्यात उतरणारं ॲल्युमिनियम जिवाणूचं आवरण बिघडवतं आणि लोह आत शिरून घात करतं. म्हणजे जंतू मरतात ते विशिष्ट खाणीतल्या मातीच्या रसायनामुळे. दुकानातल्या पाकिटावर 'शुद्ध' लिहिलेलं असल्याने ते गुण येत नाहीत. उलट साध्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, म्हणून उघड्या जखमेवर ती मी कधीच लावणार नाही.

कुत्र्याची बाह्यत्वचा ३ ते ५ पेशींच्या थरांची, आपली १० ते १५. रोज लेप लावून ती कोरडी पाडली तर भेगा पडतात, खाज वाढते. त्यात ही मुकी जनावरं अंगाला लागलेलं सगळं चाटतात. शौचपेटीतली बेंटोनाइटची माती खाल्लेल्या एका मांजराच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याची नोंद १९९६ साली पशुवैद्यकीय नियतकालिकात आली. काही बेंटोनाइटमध्ये शिसंही सापडलं आहे. तेलकट झालेल्या, पण कुठेही न फुटलेल्या कातडीवर कधीतरी पातळ लेप, दहा मिनिटांत कोमट पाण्याने धुऊन टाकलेला, एवढंच मला मान्य आहे.

मोतीला मी लेप लावला नाही. सुकलेली माती केसांत आणि लसीत घट्ट पोपडा धरते आणि त्याखाली पू कोंडतो. डॉक्टरांनी चट्ट्याभोवतीचे केस कापले, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने जागा धुतली, गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवली. मग कान उघडून आत प्रकाश टाकला. मूळ दुखणं तिथे होतं. कानात संसर्ग झाला होता आणि त्याच्या खाजेने त्याने बाहेरची कातडी सोलली होती. चट्ट्याने आठवड्यात खपली धरली. कानात थेंब मात्र पुढे दोन आठवडे घालावे लागले.