सापेक्ष वारांची चाचणी

सापेक्ष वारांची चाचणी : ‘पुढचा शुक्रवार’, ‘गेला मंगळवार’ अशा शब्दांवरून सॉफ्टवेअर नेमकी कोणती तारीख काढते, हे तपासण्याची पद्धत. असे शब्द आजच्या वारावर अवलंबून असल्याने एकच टेस्ट सोमवारी पास होते आणि शुक्रवारी नापास. बुधवारी ‘पुढचा शुक्रवार’ म्हटले तर परवाचा की त्यानंतरच्या आठवड्यातला, यावर माणसांचेच एकमत नसते. त्यामुळे आधी नियम लिहायचा आणि मगच टेस्ट.

जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, तारीख काढून देणाऱ्या ‘डेट’ आज्ञेला बुधवारी ‘नेक्स्ट फ्रायडे’ विचारले की ती परवाची तारीख देते. शुक्रवारीच विचारले तर सात दिवसांनंतरची. नुसते ‘फ्रायडे’ म्हटले तर आजचीच. खरी कसोटी या ‘आज तोच वार’ प्रकरणात लागते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत ‘नेक्स्ट’ आणि ‘नेक्स्ट-ऑर-सेम’ अशी दोन वेगळी फंक्शन्स देऊन हा वाद मिटवला. पर्यायांत हा सर्वांत सरळ.

टेस्टसाठी ‘आज’ गोठवावा लागतो. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या टेस्टमध्ये घड्याळ ३० ऑगस्ट २००९, रविवार, सायंकाळी ७:२० वर अडकवलेले आहे. तिथून ‘लास्ट ट्यूसडे’ म्हणजे २५ ऑगस्ट. जीएनयू डेटला मात्र ‘२०२४-०५-१५ नेक्स्ट फ्रायडे’ असे देऊन हे साधत नाही. तारीख स्पष्ट दिली की ती वाराकडे दुर्लक्ष करते आणि १५ मे हेच उत्तर देते, तेही तक्रार न करता. इशारा पाहायचा तर डीबग (चूक शोधण्याचा) पर्याय लावावा लागतो. म्हणून लिबफेकटाइमसारखे साधन वापरून घड्याळच खोटे दाखवतात. सात आधारवार (‘आज’ म्हणून धरलेले वार), सात विचारलेले वार आणि ‘गेला-हा-पुढचा’ मिळून १४७ जोड्या होतात. इतक्या थोड्या असताना नमुना निवडत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या तपासाव्यात.

टाइम झोनची बाजू वेगळी. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीवरचा (जागतिक प्रमाणवेळेवरचा) सर्व्हर आदल्या दिवसातच असतो. मुंबईत शुक्रवारी पहाटे दोन वाजता कोणी ‘नेक्स्ट फ्रायडे’ टाकले, तर सर्व्हरच्या लेखी अजून गुरुवार असल्याने उत्तर येते आजचेच. सामोआत तर ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार उगवलाच नाही; देशाने तारीखरेषेची बाजू बदलली आणि गुरुवारनंतर थेट शनिवार आला. हे उदाहरण टेस्टमध्ये असावेच असे नाही, पण एखादा हट्टी टेस्टर ते घालतोच.

आठवडा कधी सुरू होतो, हाही नियमच. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेने ७.०.८ या आवृत्तीपासून ‘धिस वीक’, ‘नेक्स्ट वीक’साठी आठवडा कायम सोमवारी सुरू होतो असे ठरवले, त्याआधी रविवारही आठवड्याची सुरुवात मानला जाई. ‘मंडे नेक्स्ट वीक’ची टेस्ट आधारवार रविवार धरून लिहिलेली नसेल, तर आवृत्ती बदलताना हा फरक निसटून जातो.