गोठवलेले चिकन वितळवणे

फ्रीझरमध्ये दगडासारखे घट्ट झालेले कोंबडीचे मांस शिजवण्याआधी पुन्हा नरम करण्याची क्रिया. नागपूरकडच्या घरांत तिला वेगळे नाव नाही. सकाळी कामावर निघताना ‘चिकन बाहेर काढून ठेवजो’ एवढे सांगितले की काम झाले असे धरतात. नेमके हे ‘बाहेर’ ठेवणेच या शहरात सर्वांत धोक्याचे आहे. इथे चिकन आजही बहुतांशी डोळ्यांदेखत कापून घेतात. पण रविवारी दोन-तीन किलो एकदम आणून निम्मे फ्रीझरमध्ये टाकण्याची सवय वाढली, दुकानांत गोठलेली पाकिटेही मिळू लागली, आणि हा प्रश्न घरोघरी आला.

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जिवाणू असू शकतात. उणे १८ अंश सेल्सिअसला ते निपचित पडून असतात. ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो आणि त्यातल्या सोयीच्या तापमानाला काहींची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होते. त्यातच चिकन सगळीकडून एकदम वितळत नाही. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळपास चौपट सहजतेने वाहते. म्हणून वरचा थर वितळला की तोच गाभ्यावर पांघरूण घालतो आणि आतला बर्फ सुटायला उशीर लागतो. मध्ये बर्फाचा गोळा आणि वरचे मांस खोलीइतके कोमट, अशी अवस्था तासन्‌तास टिकते. वरून दाबल्यावर आतला बर्फ हाताला लागतो आणि ‘अजून गारच आहे’ असे वाटते, तेव्हा वरच्या थराचे दिवस कधीच भरलेले असतात.

यावर नागपुरी स्वयंपाकघरातले ठरलेले उत्तर म्हणजे, सावजी रस्सा इतका उकळतो की त्यात काय जिवंत राहणार? जिवंत जिवाणूंपुरते ते खरे आहे. मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत तापला की ते मरतात. परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे काही जिवाणू वाढताना विष सोडतात आणि ते विष उकळीलाही दाद देत नाही. तर्री (रश्श्यावर तरंगणारे तिखट तेल) कितीही लाल आली तरी त्या विषाचे काही बिघडत नाही.

कच्चे मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, हा सर्वमान्य नियम. नागपुरात मार्च ते जून दुपारचा पारा बहुतेक रोज ३२ च्या वर असतो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. धुळवडीच्या दिवशी सकाळी ओट्यावर काढून ठेवलेले चिकन रंग खेळून येईस्तोवर पडून राहते, तेव्हा तो एक तास केव्हाच संपलेला असतो. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कूलर लावलेल्या खोलीत ठेवले तर चालेल, ही समजूतही फोल आहे. कूलरची हवा माणसाला गार वाटते, पण जिवाणूंच्या दृष्टीने ती खोली उबदारच. हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांखाली उतरला तरी ओटा काही ५ अंशांवर येत नाही.

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे फ्रीजचा खालचा कप्पा. तिथले तापमान ५ अंशांच्या आत असावे. किलोभर तुकड्यांना एक रात्र ते एक दिवस लागतो, दोन किलोंच्या अख्ख्या कोंबडीला साधारण २४ तास. पाकीट खोलगट भांड्यात ठेवावे, कारण सुटणारे लालसर पाणी खालच्या भाजीवर किंवा दुधाच्या पातेल्यावर गळता कामा नये. (ते रक्त नसते, मांसातले पाणी आणि मायोग्लोबिन हे रंगद्रव्य असते.) आले-लसूण, हळद, मीठ लावूनच फ्रीजमध्ये वितळवले तर मुरणे आणि बर्फ सुटणे एकाच वेळी होते. असे वितळलेले चिकन आणखी एक-दोन दिवस फ्रीजमध्ये राहू शकते. बेत बदलला तर पुन्हा गोठवताही येते. चव थोडी उतरते, इतकेच. एकदारी फ्रीजवरचे डीफ्रॉस्टचे बटण मात्र या कामाचे नाही. ते फ्रीझरला धरलेला बर्फ काढण्यासाठी असते. ते दाबून विसरले की फ्रीझरमधले सगळेच अर्धवट वितळते.

घाई असेल तर दुसरा मार्ग गार पाण्याचा. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा कितीतरी लवकर पोहोचते. न गळणाऱ्या पिशवीतले चिकन पूर्ण बुडेल इतके पाणी घ्यावे आणि ते दर अर्ध्या तासाने बदलावे. अर्ध्या किलोला सुमारे तासभर, दीड किलोला दोन-तीन तास लागतात. इथवरचा सल्ला कुठेही वाचायला मिळतो, पण त्यात ‘नळाचे गार पाणी’ गृहीत धरलेले असते. अमेरिकी अन्नसंहितेत त्यासाठी २१ अंश किंवा त्याहून कमी अशी अट आहे. नागपुरात नळाला येते ते बहुधा गच्चीवरच्या टाकीतले पाणी, आणि मे महिन्यात दुपारी ते हाताला चटका देते. त्यात चिकन बुडवणे म्हणजे ते ओट्यावर ठेवण्यापेक्षाही वाईट. माठातले पाणी प्यायला उत्तम. पण तेही २१ अंशांखाली उतरेलच असे नाही आणि घरभराचा माठ त्यासाठी कोण रिकामा करणार? उन्हाळ्यात पाण्यात बर्फाचे खडे टाकणे हाच उपाय. पाण्यात बर्फ दिसत राहील इतका टाकावा. वेळ थोडा जास्त लागेल. असे वितळलेले चिकन लगेच शिजवावे.

मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजू लागतात आणि मधला भाग बर्फच राहतो, म्हणून तेही लागलीच चुलीवर जायला हवे. न वितळवता थेट शिजवले तरी हरकत नाही. वेळ नेहमीच्या दीडपट धरावा.

वितळलेले चिकन नळाखाली धुऊ नये. इथे बहुतेक घरांत हे पटत नाही, पण उडणारे शिंतोडे भांड्यांवर आणि कापलेल्या भाजीवर जिवाणू पोहोचवतात. सावजी जेवणात कांदा आणि लिंबू कच्चेच ताटात येतात. ज्या विळीवर चिकन कापले तिच्यावरच ते कापले तर रस्सा कितीही उकळून उपयोग नाही.

शिजल्यावर हाडे काळपट दिसली की चिकन शिळे निघाले असे समजून टाकून देतात. कोवळ्या ब्रॉयलरची हाडे सच्छिद्र असतात. गोठून वितळताना मज्जेतला रंग बाहेर झिरपतो आणि शिजवल्यावर काळा पडतो. त्यात अपाय काही नाही.

वादळी पावसात लाईन गेली तर फ्रीज उघडू नये. दार बंद राहिले तर फ्रीज सुमारे चार तास, भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. लाईन आल्यावर चिकनमध्ये बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येते. कोमट झालेले असेल तर वास येवो न येवो, ते टाकून द्यावे.