जिवाणूंचे वैज्ञानिक नामकरण

जिवाणू व आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातील एकपेशीय जीव) या आदिकेंद्रकी, म्हणजे पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसलेल्या सजीवांना लॅटिन नावे कशी द्यावीत, एकाच सजीवाला दोन नावे मिळाली असल्यास कोणते ग्राह्य धरावे आणि रूढ नावही केव्हा बाजूला सारावे, हे ठरविणाऱ्या नियमांच्या संचाला आदिकेंद्रकींची आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता म्हणतात. संहितेचा अधिकार फक्त नावांपुरता आहे, वर्गीकरणावर तिचा ताबा नाही. दोन जिवाणू एकाच जातीचे की वेगवेगळ्या, हा प्रश्न संशोधकांच्या मताचा असून ते मत एकदा ठरले की त्याप्रमाणे कोणते नाव लागू होते, एवढेच संहिता सांगते. ‘अधिकृत वर्गीकरण’ असे काही अस्तित्वात नाही. वैद्यकीय प्रयोगशाळांमध्ये याविषयी बराच गैरसमज आढळतो.

जिवाणूंची गणना दीर्घकाळ वनस्पतींमध्ये होत असल्याने त्यांची नावेही वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार दिली जात. स्वतंत्र संहितेला 1947 मध्ये कोपनहेगन येथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्यता मिळाली. तरीही नावांच्या अग्रक्रमाची, म्हणजे आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या नियमाची, गणना 1753 पासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसच्या वनस्पतिग्रंथापासूनच होत राहिली. त्यामुळे एखादे नाव वापरण्यापूर्वी दोन शतकांचे साहित्य चाळणे संशोधकाला भाग पडे. त्यातली असंख्य नावे अशा जिवाणूंची होती, ज्यांचे वर्णन त्रोटक होते आणि ज्यांचे संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवून राखलेला जिवंत नमुना) कधीच नष्ट झाले होते. यावर काढलेला तोडगा धाडसी होता. 1 जानेवारी 1980 हा नवा आरंभदिन ठरविण्यात आला आणि त्याच महिन्यात मान्य नावांची यादी प्रसिद्ध झाली. हजारो जुन्या नावांमधून अडीच हजारांहून कमीच तिच्यात टिकली, उरलेल्यांचे नामकरणातील स्थान संपले. एवढी सफाई वनस्पतिशास्त्राला किंवा प्राणिशास्त्राला आजवर जमलेली नाही.

1980 नंतर नव्या नावाला मान्यता मिळण्याचा मार्ग एकाच नियतकालिकातून जातो. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टेमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात वर्णन छापून यावे लागते, अथवा ते अन्यत्र छापले असल्यास त्याच नियतकालिकाच्या वैधीकरण यादीत नाव समाविष्ट व्हावे लागते. दुसऱ्या प्रकारात अग्रक्रमासाठी यादीची तारीख धरली जाते, मूळ लेखाची नव्हे. वर्णनासोबत नावाची व्युत्पत्ती द्यावी लागते आणि जातिनामाचे (नावातला दुसरा शब्द, species) व्याकरणिक लिंग प्रजातिनामाशी (पहिला शब्द, genus) जुळावे लागते. सर्वांत महत्त्वाची अट प्ररूप वाणाची आहे. ज्या जिवंत संवर्धनाशी नाव कायमचे जोडलेले असते, ते दोन वेगवेगळ्या देशांतील किमान दोन सार्वजनिक संग्रहांमध्ये जमा करून तशी प्रमाणपत्रे सादर करावी लागतात. अशा वाणाच्या क्रमांकावर बारीक रोमन ‘टी’ लिहिण्याची पद्धत आहे. जिवाणूची प्रजाती बदलली तरी जातिनाम सहसा टिकते. हैदराबादहून सोडलेल्या बलूनने वातावरणाच्या वरच्या थरांतून आणलेल्या नमुन्यांतील एका जिवाणूला 2009 मध्ये बॅसिलस आर्यभट्टाई हे नाव देण्यात आले. 2020 मध्ये बॅसिलसची फेररचना होऊन तो प्रीस्टिया प्रजातीत गेला, परंतु आर्यभट्टाचे नाव त्याच्यासोबत तसेच राहिले.

नावांविषयीचे वाद संहिता सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या न्यायिक आयोगापुढे जातात आणि आयोगाचे निर्णय क्रमांकित ‘अभिमत’ म्हणून प्रसिद्ध होतात. यांपैकी प्लेगच्या जिवाणूचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. अलेक्झांडर येर्सिन यांनी हा जिवाणू 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत शोधला आणि दोनच वर्षांनी त्या साथीने मुंबई गाठली. येर्सिनिया पेस्टिस या नावाने तो जगभर ओळखला जात असताना 1980 मध्ये डीएनए-संकरणाच्या (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळते हे पाहण्याच्या) प्रयोगांतून असे दिसले की, येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या सहसा सौम्य आजार घडविणाऱ्या जिवाणूपासून तो जातीच्या पातळीवर वेगळा काढता येत नाही. दोन्ही एकाच जातीत घातले, तर अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव राहणार. जुने नाव सौम्य जिवाणूचे असल्याने प्लेगचा जिवाणू त्याची केवळ उपजाती ठरून येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस उपजाती पेस्टिस झाला. नियमांत या नावाला काहीच खोट नव्हती.

धोका मात्र उघड होता. लांबलचक नावातला शेवटचा शब्द अहवालात गळाला, तर प्लेगच्या रुग्णाच्या कागदावर पोटाच्या साध्या विकाराच्या जिवाणूचे नाव उमटले असते, आणि प्रयोगशाळेत ते संवर्धन हाताळणाऱ्यानेही त्याच मानाने काळजी घेतली असती. संहितेत अशा नावांसाठी ‘धोकादायक नाव’ अशी तरतूद आहे. ज्या नावाच्या वापराने अपघात होऊन आरोग्य वा जीवित धोक्यात येण्याचा किंवा गंभीर आर्थिक परिणाम होण्याचा संभव असेल, ते नियमाप्रमाणे योग्य असूनही आयोग नाकारू शकतो. 1985 मधील अभिमत 60 अन्वये उपजातीचे नाव नाकारण्यात आले आणि येर्सिनिया पेस्टिस हे नाव कायम राहिले. जनुकीय नात्याविषयीचा शास्त्रीय निष्कर्ष आयोगाने खोडला नाही, कारण तो त्याचा विषयच नव्हता. 1994 मध्ये बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेगच्या संशयाने धावपळ उडाली, तेव्हा हा जिवाणू जुन्याच नावाने ओळखला जात होता, ही गोष्ट लहान समजू नये.

साल्मोनेलाचे प्रकरण इतके सुटसुटीत नव्हते. या प्रजातीची प्ररूप जाती, म्हणजे प्रजातिनाम जिच्याशी बांधलेले असते ती जाती, कॉलरीसुइस होती आणि तेच नाव एका रक्तरसप्रकाराचेही (जातीतील पोटप्रकार, serotype) असल्याने गोंधळ होई. 1987 मध्ये साल्मोनेला एंटेरिका हे नाव सुचविले गेले, पण विषमज्वराच्या जिवाणूच्या नावाचे काय होणार, या शंकेमुळे आयोग अडखळला. बहुतेक प्रयोगशाळा तोवर नवे नाव वापरू लागल्या होत्या. त्याला अखेर 2005 च्या अभिमत 80 ने मान्यता दिली.

पुढे नावे सुचविणारेच सावध झाले. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा रुग्णालयांतील अतिसाराचा जिवाणू त्या प्रजातीत बसत नाही हे ठरल्यावर 2016 मध्ये त्याच्यासाठी क्लॉस्ट्रिडिऑइडेस हे प्रजातिनाम निवडले गेले, जेणेकरून डॉक्टरांच्या तोंडी बसलेले ‘सी. डिफ’ हे संक्षिप्त रूप चालू राहावे. 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलसची विभागणी होऊन 23 नव्या प्रजाती निर्माण झाल्या, तेव्हाही खाद्यपदार्थांतील अनेक परिचित जातींना ‘एल’ने सुरू होणारीच प्रजातिनामे दिली गेली. योगर्टमधील बल्गॅरिकस मूळ लॅक्टोबॅसिलसमध्येच राहिला. 2018 मध्ये मायकोबॅक्टेरियमचे पाच भाग करण्याचा प्रस्ताव आला, तो मात्र अनेक चिकित्सकांनी स्वीकारला नाही आणि जुनी नावे वापरणे सुरूच ठेवले. दोन्ही नावे वैध असल्याने संहितेत त्याला मुभा आहे.

संघ (phylum) ही वर्गीकरणातील वरची श्रेणी 2021 पर्यंत संहितेच्या कक्षेबाहेर होती. ती आत आल्यावर संघाचे नाव एखाद्या प्ररूप प्रजातीवरून घेऊन त्याला ‘ओटा’ हा प्रत्यय लावण्याचा नियम लागू झाला आणि प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनाडोटा, तर फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा झाले. नियमाची सुसंगती यात साधली खरी, पण पाठ्यपुस्तकांत पक्की बसलेली नावे एका फटक्यात बदलण्याची निकड होती का, हा आक्षेप रास्तच वाटतो.

आजचा मोठा पेच प्ररूपाच्या अटीतून उद्भवला आहे. माती, समुद्र व आतडे यांतील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. त्यांचा परिचय केवळ जनुकीय क्रमावरून होतो. अशांसाठी 1990 च्या दशकापासून ‘कॅन्डिडेटस’ हे तात्पुरते बिरुद वापरले जाते, पण त्याने नाव वैध ठरत नाही. जनुकीय क्रमालाच प्ररूप मानावे हा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय समितीने 2020 मध्ये फेटाळला. त्याच्या समर्थकांनी 2022 मध्ये ‘सेककोड’ नावाची वेगळी संहिता सुरू केली, त्यामुळे आता जिवाणूंची नावे दोन दारांनी येऊ शकतात.

जिवंत संवर्धनाच्या अटीला कायद्याचीही अडचण आहे. ज्या वाणाच्या उपलब्धतेवर निर्बंध आहेत, तो संहितेनुसार प्ररूप होऊ शकत नाही. भारताच्या 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार मात्र नव्या जातीचा नमुना नियुक्त भांडारात द्यावा लागतो आणि जैविक सामग्री परदेशी पाठविण्यावर नियंत्रण आहे. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरातून इंडिबॅक्टर अल्कलीफिलस ही नवी प्रजाती व जाती 2010 मध्ये नोंदली गेली. अशा प्रत्येक नोंदीसाठी भारतीय संशोधकाला देशातील संग्रहासोबत परदेशातील दुसऱ्या संग्रहाचीही दाखल-पावती मिळवावी लागते, आणि तोवर नाव वैध ठरत नाही.